चेहरा तिचा, उजेड आपला

ताईच्या लग्नात माझ्या वाट्याला जे काम आलं, ते ऐकून ऑफिसमधले मित्र आठवडाभर हसत होते. मंडप, जेवण, बँड, पाहुण्यांच्या गाड्या ही कामं काका आणि मामांनी आधीच वाटून घेतली होती. उरलं होतं ते 'नवरीचं आवरणं'. म्हणजे केस, मेकअप, साडी, दागिने हे सगळं मुहूर्ताच्या आत बसवायचं, पार्लरवाल्या मॅडमशी बोलायचं, कोण कधी कुठे बसेल ते ठरवायचं. "तू कंप्युटरवाला ना? मग कर तक्ता," असं म्हणून आईनं विषय संपवला.

आम्ही एकलहऱ्याचे. नाशिकरोडहून आमच्याकडे यायचं तर आधी लांबून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मग गाव. 210 मेगावॉटचे तीन संच, एकूण 630 मेगावॉट. लहानपणी शाळेत कुणी विचारलं की आम्ही ऐटीत सांगायचो, तुमच्या घरातला दिवा आमच्या गावातून पेटतो. वीज ग्रिडमध्ये मिसळली की कुठली कुणाची हे कळत नाही, हे नंतर इंजिनिअरिंगला समजलं. पण उजेडाबद्दलची ती ऐट राहिली. म्हणूनच की काय, या लग्नात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उजेडानंच.

तक्ता करणं तसं सोपं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले जे करतो तेच करायचं : शेवटची वेळ धरायची आणि उलटं मोजत यायचं. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. त्याआधी गौरीहर पूजन, म्हणजे साडेदहाला नवरी तयार हवी. नऊवारी नेसवायला पाऊण तास, दागिने आणि मुंडावळ्या पंधरा मिनिटं, मेकअपला दोन तास, केसांना एक तास. मध्ये नवरीनं काही खायचं असतं, ही गोष्ट तक्त्याच्या पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. ती ताईनं दाखवून दिली. "सगळ्यांच्या चहाची वेळ टाकलीयेस. माझ्या?"

पुढे एकेक बारकावे कळत गेले. केस लग्नाच्या दिवशी धुवायचे नसतात, आदल्या दिवशी धुवायचे, कारण नुकते धुतलेले केस निसरडे असतात आणि अंबाडा टिकत नाही. होमाच्या धुरानं डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा काजळ पाण्यानं न पसरणारं हवं. स्प्रे मारलेल्या केसांत अक्षता अशा रुततात की रात्री एकेक वेचून काढावी लागते. हळदीचा पिवळेपणा कातडीवर राहतो, म्हणून हळद आणि मेकअप यांत किमान एक आंघोळ हवी. मेंदीचा खरा रंग चढायला दोनेक दिवस लागतात. झटपट काळा रंग देणारी मेंदी असेल तर तिच्यात बहुतेक वेळा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं, आणि काहींच्या हातावर त्यानं फोड येतात. केसांना रंग लावायचा असेल तर 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघायचा. हे सगळं मी तक्त्यात टाकत गेलो आणि मला वाटलं, जमलं की!

मग ट्रायलचा दिवस आला.

नाशिकरोडच्या पार्लरमध्ये गोल रिंगलाइटसमोर ताई दीड तास बसली. मॅडमचा हात खरंच सफाईदार होता. झाल्यावर आरशात बघितलं तर ताई छान दिसत होती, फक्त ती ताई नव्हती. आई मात्र खूश. "बघ, किती उजळली!" मॅडम म्हणाल्या, दोन शेड वर घेतलंय, फोटोत बरं येतं. पैसे देऊन आम्ही बाहेर पडलो. भर दुपारचं ऊन. ताईनं आपला हात चेहऱ्याशेजारी धरला, स्कूटीच्या आरशात बघितलं आणि म्हणाली, "चेहरा कॉलेज रोडचा, हात एकलहऱ्याचे."

हसलो आम्ही, पण खरंच तसं दिसत होतं. सावळ्या कातडीवर फार उजळ फाउंडेशन लावलं की रिंगलाइटमध्ये ते गोरं दिसतं, पण उन्हात राखाडी दिसतं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड जास्त असेल तर फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक येतो, कारण ही पांढरी चूर्णं प्रकाश परत फेकतात. चेहरा तोच, थर तोच. उजेड बदलला की निकाल बदलतो. मी तक्त्यात एक ओळ वाढवली : 'पुढची ट्रायल उन्हात.'

पण प्रश्न ट्रायलचा नव्हता. दोन शेड वर का, हा होता.

त्या रात्री मी घरात भाषण दिलं. हा विषय माझ्या धंद्यातला होता, म्हणून मुद्दे तयार होते. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आली. नावातलं 'फेअर' जायला 2020 उजाडावं लागलं आणि मग ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. त्याच वर्षी जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलनं चालू असताना लग्नं जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावरचा त्वचेच्या रंगाचा फिल्टर वापरकर्त्यांच्या तक्रारीनंतर काढला गेला. फिल्टर काय आपोआप उगवत नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी तो लिहिलेला असतो. सावळा, गहूवर्णीय, निमगोरा, गोरा असे चार पर्याय एका यादीत भरताना त्याला काही वाटलंही नसेल. कॅमेऱ्याचंही तेच. एके काळी रंगीत फोटो छापताना रंग नीट आलेत का हे तपासायला प्रयोगशाळांना कोडॅककडून एक नमुन्याचं कार्ड मिळायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा, म्हणून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर, असा हिशेब. 2018 साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहरा बघून स्त्री की पुरुष ते ओळखणारी व्यापारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत. म्हणजे यंत्रालाही तिचा चेहरा नीट बघायला शिकवलेलं नव्हतं.

"आणि आपण नाशिकचे आहोत," मी शेवटचा मुद्दा मांडला. "पंचवटीत गोराराम आहे, काळाराम आहे. लांबून लोक येतात ते काळारामाला. देवाला चालतो तो रंग नवरीला का चालत नाही?"

पप्पांनी मान डोलावली. आई गप्प. मला वाटलं जिंकलो. मग मी एक पाऊल पुढे गेलो. तिथे चुकलो.

ताईच्या डाव्या कानाखालून मानेवर उतरणारा भाजल्याचा डाग आहे. ती चार वर्षांची असताना चहाचं आधण सांडलं होतं. मॅडमनी ट्रायलमध्ये तो डाग अगदी नाहीसा केला होता. मी म्हणालो, "आणि हा डागही झाकायचा नाही. जे आहे ते आहे. खोटं कशाला?"

ताई शांतपणे म्हणाली, "रंगाचं पटलं मला. मला माझाच रंग हवाय. पण डाग झाकायचा."

"का पण? त्यात लाज काय?"

"लाज नाही. त्या दिवशी पाचशे माणसं येणार. त्यातली शंभर तरी विचारणार, हे काय झालं, कधी झालं, अरेरे. मला एक दिवस सुट्टी हवीये त्या प्रश्नातून. तुझं तत्त्व चांगलंय रे. पण ते माझ्या मानेवर कशाला?"

यावर मला काही बोलता आलं नाही. नंतरही बरेच दिवस ते वाक्य डोक्यात राहिलं.

मी समजत होतो की नटण्याबद्दलचा नैतिक प्रश्न खऱ्या-खोट्याचा आहे. तो समज काही अगदी वेडगळ नव्हता. नथ, चुडा, चंद्रकोर, शेवंतीची वेणी या गोष्टी कुणाला फसवत नाहीत. नथ नाकातून उगवली असं कुणी समजत नाही. त्या उघडपणे सांगतात की आज सण आहे, मी सजलेय. दोन शेड वरचा थर तसा नसतो. तो 'मी थर आहे' असं सांगत नाही, 'मी कातडी आहे' असं सांगतो. म्हणून सजणं वेगळं आणि झाकणं वेगळं, सजणं चांगलं आणि झाकणं वाईट, अशी सरळ रेघ मी मारली होती. ताईच्या डागानं ती रेघ पुसली. ती झाकत होती आणि तरी खोटं वागत नव्हती. आपल्याबद्दलची एक गोष्ट कुणाला, कधी आणि किती सांगायची हे ती ठरवत होती. आपण सगळेच ते ठरवतो. मी ऑफिसात माझा पगार सांगत नाही, म्हणून मी खोटारडा होत नाही.

मला आणखी एक गोष्ट खुपली. आई म्हणत होती चेहरा उजळ कर, मी म्हणत होतो काही झाकू नको. आईचं जुनं, माझं नवं. पण दोघंही ताईच्या चेहऱ्यावर आपापला निकाल लिहीत होतो. सुधारकी विचारांची ही एक सोयीची खोड आहे. त्यांची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर मोजली जाते.

मग उत्तर सोपं झालं असं वाटेल : तिचा चेहरा, तिची मर्जी, विषय संपला. आमच्या पिढीला हे उत्तर फार आवडतं. 'माय चॉइस' म्हटलं की पुढे बोलायचं कारण राहत नाही. पण ते पुरतं का?

कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही म्हण आम्हा नाशिककरांना नव्यानं सांगायला नको. जॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताचं 'आंबट द्राक्षं' या अर्थाच्याच नावाचं पुस्तक आहे, 1983 सालचं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : माणसाला जे मिळण्यासारखं नसतं, ते आपल्याला नकोच होतं असं त्याचं मन हळूहळू ठरवून टाकतं. मग त्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, नको. तो खोटं बोलत नसतो. पण ते 'नको' त्यानं मोकळेपणी निवडलेलं असतं, असंही म्हणता येत नाही. हे उलट बाजूनंही होतं. तुम्हाला लहानपणापासून दर लग्नात, दर जाहिरातीत, दर 'पसंती'च्या कार्यक्रमात एकच रंग वर ठेवलेला दिसला, तर तो रंग तुम्हालाही हवासा वाटू लागतो. मग मॅडम विचारतात, कसं करू? आणि तुम्ही म्हणता, जरा उजळ. मर्जी तुमचीच असते. पण ती घडवायला बाकीचे किती हात लागलेले असतात!

मॅडमना मी हे विचारलं. दुसऱ्या ट्रायलला, उन्हात. त्या वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, मी मनानं उजळ नाही करत. नवरीला तिचा रंग ठेवला तर स्टेजवर कुणी ना कुणी काकू म्हणते, पार्लरवाली चांगली नव्हती वाटतं. माझं पुढचं काम त्या काकूंच्या तोंडावर असतं." हेही खरंच होतं. हा ब्रश बाईच्या हातात येणंही सरळ झालेलं नाही. मुंबईच्या सिनेमाधंद्यात कित्येक वर्षं बायकांनी फक्त केस करायचे, मेकअप पुरुषांनीच करायचा, असा संघटनेचा नियम होता. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2014 मध्ये तो बेकायदा ठरवला. हातात ब्रश आला तरी कोणता रंग काढायचा, हे ठरवणारे डोळे भलतीकडेच होते.

तिथे मला उजेडाची गोष्ट पुन्हा आठवली. ताईचा निर्णय ताईचाच. पण तो निर्णय ती ज्या उजेडात घेते तो उजेड तिचा नसतो. तो आपल्या सगळ्यांच्या नजरांचा आणि शब्दांचा बनलेला असतो. काकू स्टेजवर काय म्हणतात, आई ट्रायलनंतर कुठला शब्द वापरते, भाऊ मोबाइलमध्ये फोटो काढला की आधी कोणता फिल्टर टाकतो. त्या चेहऱ्याला हात लावायचा हक्क मला नाही. पण तो उजेड बदलायचं काम माझंच आहे, कारण त्यातला थोडा मीच पाडतोय.

त्या रात्री मी प्रथमच आईशी डागाबद्दल बोललो. ते आधण आईच्या हातून सांडलं होतं. हे मला ऐकून माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. पंचवीसेक वर्षं आई कुठल्याही समारंभाला निघताना ताईला म्हणायची, पदर नीट घे, केस मोकळे सोड, तो डाग दिसतोय. मला ते ताईबद्दलचं बोलणं वाटायचं. ते आईचं स्वतःबद्दलचं बोलणं होतं. "लोक डाग बघतात तेव्हा मला वाटतं मलाच बघतायत," एवढंच आई म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं एक जुनी गोष्ट सांगितली. शाळेत असताना तिची वेणी आत्या घालायची. आत्या दोन घरं सोडून राहते. आई डब्यांच्या गडबडीत असायची, म्हणून दहा वर्षं रोज सकाळी तेल, कंगवा, लाल रिबिनी हे सगळं आत्याच्या ओट्यावर व्हायचं. "आत्या डावी वेणी नेहमी पुढे घ्यायची, उजवी मागे टाकायची," ताई म्हणाली. "का, ते तिनं कधी सांगितलं नाही. मला आठवीत कळलं. झाकायची दोघीच. पण आई बोलून झाकायची, आत्या न बोलता. आईनं झाकलं की मला डाग आठवायचा. आत्यानं झाकलं की मी विसरायचे."

एवढं झाल्यावर ताई म्हणाली, "मला मॅडमकडून केस नकोत. मेकअप त्यांनी करावा. अंबाडा आत्यानं घालायचा."

मी लगेच तक्त्यात लिहिलं : '6.00 - अंबाडा आणि वेणी - आत्या.' पुढे उत्साहात आणखी एक ओळ टाकली : 'आदल्या दिवशी हळद, पहिला मान - आत्या.' आणि तक्ता घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

आत्याचे यजमान जाऊन सात वर्षं झालीत.

तासाभरात आत्याचा फोन आला, मला एकट्याला. आवाज रागाचा नव्हता, पण घट्ट होता. "बाळा, माझं नाव काढ त्यातून. हळदीला सवाष्णी असतात. चारचौघांत माझा तमाशा नको. आणि मला काही वाटत नाही रे. मला आवडतच नाही आता हे सगळं."

मला आवडतच नाही. कोल्हा आणि द्राक्षं माझ्या डोक्यात होतीच. पण या वेळी ताईचं वाक्यही डोक्यात होतं : तुझं तत्त्व चांगलंय, पण ते माझ्या मानेवर कशाला? मी पुन्हा तेच केलं होतं. सन्मान करायचा म्हणून आत्याला न विचारता सत्तर जणांच्या ग्रुपवर उभं केलं होतं.

केस आणि विधवा या दोन शब्दांचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. ज्या समाजांत नवरा गेल्यावर बायकांचे केस काढत, तिथेही 'तिची तशीच इच्छा आहे' असंच सांगितलं जायचं. त्याविरुद्ध जी एक कृती मला फार मोठी वाटते, ती 1890 मधली. सत्यशोधक चळवळीतले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. त्यातली गोम बघा. त्यांनी त्या बायकांना सांगितलं नाही की तुम्ही बंड करा, घरच्यांशी भांडा. ते एकेका बाईच्या माथ्यावर टाकण्यासारखं ओझं नव्हतंच. त्यांनी आपला वस्तरा खाली ठेवला. त्या अन्यायात आपल्या हातानं जेवढा भाग होत होता, तेवढा काढून घेतला. अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचं. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा कित्ता इतर गावांनीही गिरवावा असं सांगितलं. तिथेही ठराव गावानं केला. एका बाईला उभं करून तू धीट हो असं म्हटलं नाही.

म्हणून मी तक्त्यातून आत्याचं नाव काढलं आणि आईकडे गेलो. आई म्हणाली, "तिला नाही म्हणायला आपणच शिकवलंय. मी बोलते." ती आधी मोठ्या काकूंशी बोलली, मग शेजारच्या दोघींशी, मग गुरुजींशी. गुरुजी म्हणाले, "केस कुणी घालावेत याबद्दल मी काय सांगणार?" काकू म्हणाल्या, हळदीचं तेवढं जपून करा. हे सगळं झाल्यावर, लग्नाच्या चार दिवस आधी, आई आत्याच्या ओट्यावर जाऊन बसली. मी फाटकापाशी होतो. आई म्हणाली, "वन्सं, दहा वर्षं पोरीचे केस तुम्ही घातलेत. लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच्या हातचे कसे चालतील? मला चालणार नाहीत." आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "खोलीत कोण कोण असेल?"

हळदीला आत्या आली नाही. ते मी मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टींचा शेवट फार गोड करून सांगायची आपल्याला सवय आहे. तिनं नाही म्हटलं आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला ती लॉन्सच्या मागच्या खोलीत होती. ताई खाली पाटावर, आत्या तिच्या मागे खुर्चीवर, जशा ओट्यावर बसायच्या तशाच. आत्यानं दार लोटून घेतलं. थोडं तेल, कंगवा, दातांत धरलेल्या पिना. अंबाडा झाला, त्यावर शेवंतीची वेणी बसली. मग आत्यानं अंबाड्यातून एक बट सोडवली आणि कानामागून डाव्या बाजूला पुढे घेतली. सव्वासातला मॅडम आल्या. त्यांनी ताईचा रंग तोच ठेवला. डागाकडे बघून विचारलं, झाकू? ताईनं आरशात बघितलं, त्या बटेला हात लावला आणि म्हणाली, "एवढी बट आहे ना, पुरे."

मी तिथे काही बोललो नाही. तो माझ्या तत्त्वाचा विजय नव्हता, हे मला कळत होतं. उद्या तिनं दुसरं काही ठरवलं असतं तर तेही तितकंच बरोबर असतं.

स्टेजवर एक काकू म्हणाल्याच, "मेकअप जरा कमीच झाला नाही?" आई शेजारी उभी होती. "तिचाच रंग आहे तो," आई म्हणाली. बस, एवढंच. भर दुपारच्या उन्हात, मंडपाच्या पिवळ्या झालरीखाली, ताईचा चेहरा आणि हात एकाच गावचे दिसत होते.

पुढच्या वर्षी आत्याच्या मुलीचं लग्न आहे. मागच्या आठवड्यात तिनं माझ्याकडे तो तक्ता मागितला. मी वेळा बदलल्या, उन्हातली ट्रायल ठेवली, नवरीच्या नाश्त्याची ओळ सगळ्यात वर नेली. 'हळद, पहिला मान' या ओळीपुढे कुणाचंच नाव लिहिलं नाही. ती जागा रिकामी ठेवली. नवरीची आई कोण आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती जागा भरायची की नाही हे तिनं ठरवायचंय. त्याच्या वर मात्र एक नवी ओळ टाकली, तारीख दोन महिने आधीची : 'काकू, शेजारी आणि गुरुजी यांच्याशी बोलणं.' तिच्यापुढे दोन नावं लिहिली, आईचं आणि माझं.